सेंट्रल लॉकिंग बिघडलंय: मोटर, वायर की बीसीएम?

प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. रिमोटने लॉक केलं की तीन दरवाजे लागतात, मागचा डावा लागत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून उभ्या गाडीचे दरवाजे मध्येच स्वतःहून खटखट लॉक-अनलॉक होतात आणि तीन-चार दिवस गाडी हलली नाही तर बॅटरी बसते. गॅरेजमध्ये बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, बदलायला सांगितलं आहे. ते खरंच गेलंय का, हे घरी तपासता येईल का?

तपासता येईल, आणि तपासल्याशिवाय बीसीएम घेऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत व्हायची दाट शक्यता आहे. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत एक नव्हे, दोन वेगळे बिघाड दिसतात. मागचा डावा दरवाजा हा एक. आपोआप होणारं लॉक-अनलॉक हा दुसरा, आणि बॅटरी बसणं बहुधा त्याच्याच मागून आलेलं आहे. दोन्हींचं मूळ दरवाज्यांतच असावं: एकीकडे तुटलेली वायर किंवा दमलेली मोटर, दुसरीकडे ड्रायव्हरच्या दरवाज्यात पाणी लागलेला स्विच किंवा कपलर (वायरी जोडणारा प्लग).

असं का, ते कळण्यासाठी आधी करंट कसा फिरतो ते बघा. दरवाज्यातल्या लॉक मोटरला (अ‍ॅक्च्युएटर, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हिलाच गन म्हणतात) चालवायला दोनच वायर लागतात. एकीला १२ व्होल्ट आणि दुसरीला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली गाडीची बॉडी) मिळाला की मोटर लॉकच्या दिशेने जाते, उलट झालं की अनलॉक. हा करंट अर्धा ते एक सेकंदच येतो. मॉड्यूलमध्ये हे काम सहसा दोन रिले, म्हणजे करंटवर चालणारे स्विच, करतात. एरवी दोन्ही रिले आपापली वायर अर्थला टेकवून बसलेले असतात. लॉकचा हुकूम आला की लॉकचा रिले आपली वायर १२ व्होल्टला लावतो, अनलॉकचा रिले अर्थवरच राहतो आणि करंट त्याच्यातून परत जातो. अनलॉकला नेमकं उलट.

यातून कामाची एक गोष्ट निघते. सगळे दरवाजे लॉक होतात पण एकही अनलॉक होत नाही, अशी तक्रार असेल तर पुष्कळ जण अनलॉकच्या रिलेला दोष देतात. पण लॉकच्या रिलेचा अर्थकडचा पॉइंट (करंट जोडणारा ठिपका) जळून काळा पडला असला तरी लक्षण हेच दिसतं, कारण अनलॉकचा परतीचा करंट त्याच पॉइंटमधून जातो. एकच रिले बदलून फरक पडला नाही असं होतं, ते यामुळे. असा एका दिशेचा, सगळ्या दरवाज्यांचा बिघाड असेल तर मॉड्यूलवर संशय घेणं रास्त. तुमच्याकडे तीन दरवाजे दोन्ही दिशांना चालतात. म्हणजे फ्यूज, दोन्ही रिले आणि मॉड्यूलचा अर्थ शाबूत आहे. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या दरवाज्यांच्या मोटारी याच वायरींना समांतर जोडलेल्या असतात. (काही गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाज्याचं अनलॉक वेगळं असतं, म्हणजे रिमोट एकदा दाबला की फक्त तो उघडतो. काही महागड्या गाड्यांत दर दरवाज्यात छोटं डोअर मॉड्यूल असतं. तिथे मोटरच्या वायर दरवाज्याबाहेर येतच नाहीत आणि आधी त्या मॉड्यूलला १२ व्होल्ट आणि अर्थ मिळतो का ते बघायचं.)

काहीही न उघडता काय कळतं

पहिलं काम, बॅटरी पूर्ण चार्ज करा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे. खूप उतरलेल्या बॅटरीवर मॉड्यूल मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतं आणि लॉक फडफडतात, म्हणजे भुताटकीसारखं वागणं हे बॅटरी बसण्याचं कारणही असू शकतं आणि परिणामही. चार्ज केलेल्या बॅटरीवर घेतलेलं निदानच खरं धरा.

मग रिमोट दाबताना इंडिकेटरकडे बघा. इंडिकेटर चमकले पण दरवाजे हलले नाहीत, तर रिमोट, त्याचा सेल आणि रिसीव्हर यांना हात लावायची गरज नाही. हुकूम पोहोचला, अंमल झाला नाही. इंडिकेटर चमकलेच नाहीत पण आतल्या बटणाने सगळे दरवाजे चालतात, तर उलट: सेल बघा. पुष्कळ रिमोटमध्ये सीआर२०३२ असतो, काहींत त्याहून पातळ सीआर२०१६; झाकण उघडून खात्री करा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला की बदला, कारण बटण दाबल्यावर तो आणखी पडतो. सेल बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबून धरू नका, कडेने धरा. रिमोटच्या बटणाखालचा बारका स्विच सोल्डरपासून सुटणं हाही नेहमीचा प्रकार आहे. रिमोट विशिष्ट प्रकारे पिळला की चालतो, असं तेव्हा होतं.

तिसरं, कान द्या. डॅशबोर्डखाली रिलेचा टक आवाज येतो आणि एकही दरवाजा हलत नाही, तर रिलेची कॉइल चालते आहे; रिलेच्या पॉइंटला मिळणारा पुरवठा, पॉइंट किंवा अर्थ बघायचा. टक आवाजच नाही, तर आधी फ्यूज. तो फक्त डोळ्यांनी बघू नका. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, दोन्हींवर टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे उजळला पाहिजे. लॉकचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १५ किंवा २० अँपिअरचा असतो. नेमका कोणता, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तकात असतं. उडाला म्हणून ३० चा घालू नका, वायर जळेल.

आणि चौथं, तुमच्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचं: मागच्या डाव्या दरवाज्याची पॉवर विंडो चालते का? काच आणि लॉक दोन्ही बंद असतील तर वायर बिजागरीपाशी तुटल्याची शक्यता फार मोठी. काच चालते, लॉक नाही, तर मोटरकडे झुकतं माप. पण वायर निर्दोष ठरली असं समजू नका, कारण लॉकच्या दोन वायर वेगळ्या असतात आणि नेमकी त्यांतलीच एखादी तुटू शकते.

मागचा डावा दरवाजा

दरवाज्याचं पॅड (आतलं आवरण) काढण्याआधी दरवाजा उघडून बी-पिलर (पुढच्या आणि मागच्या दरवाज्यांमधला खांब) आणि दरवाजा यांच्यामधला रबरी बेलो, म्हणजे वायरींवरची घड्यांची नळी, बघा. त्याचं एक टोक पिलरमधून हलक्या हाताने ओढून काढा आणि मागे सरकवा. आतल्या वायर एकेक करून चिमटीत धरून ताणा. शाबूत वायर ताणत नाही. आत तांबं तुटलेलं असेल तर वरचं प्लास्टिक रबरासारखं लांबतं. बाहेरून वायर नव्यासारखी दिसते आणि आत दोन तुकडे झालेले असतात, म्हणून नुसत्या नजरेने काही कळत नाही. दरवाजा उघडताना ती प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी वाकते. वर्षानुवर्षं वाकून एकेक तार तुटते, शेवटी दोन-तीन तारा उरतात. त्या दोन-तीन तारांवर मल्टीमीटर आरामात १२ व्होल्ट दाखवतो आणि मोटर मात्र जागची हलत नाही.

म्हणूनच या कामाला फक्त मल्टीमीटर पुरत नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्या, त्याला दोन वायर आणि टोकांना पिना लावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, म्हणजे मोटरइतकाच बोजा टाकतो. शिवाय साधा मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन घेतो, अर्ध्या सेकंदाचा ठोका त्याच्या हातून निसटतो. बल्ब चमकलेला दिसतो. एलईडीचा टेस्टर इथे वापरू नका, तो गंजलेल्या वायरवरही झगझगीत पेटतो. मात्र हा बल्ब मोटरच्या आणि पुरवठ्याच्या वायरींसाठीच आहे. स्विचकडून मॉड्यूलकडे जाणाऱ्या बारीक वायरींना तो लावलात तर चांगलं मॉड्यूल खरंच जाईल.

आता दरवाज्याचं पॅड काढा. हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टखाली स्क्रू असतात, कडेला क्लिपा. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. क्लिपा तुटतात, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा. आतला प्लास्टिकचा पडदा फाडू नका, चिकटा हळू सोडवा. तो का जपायचा ते पुढे येईल. पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा असतो, त्याला मीटर, बल्ब, काहीही लावू नका. तो काढणं भागच असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा.

मोटरचा कपलर सोडवा. कपलरच्या वायरकडच्या बाजूला मोटरच्या दोन वायरींमध्ये बल्ब लावा आणि दुसऱ्या माणसाला ड्रायव्हरच्या सीटवरून लॉक, अनलॉक करायला सांगा. आधुनिक लॅचमध्ये (दरवाजा अडकवून धरणारी कडी) याच कपलरात स्विचच्या तीन-चार बारीक वायरही असतात. मोटरच्या दोन त्यांच्याहून जाड दिसतात, तरी खात्री वायरिंग डायग्रामवरून करा.

बल्ब दोन्ही वेळा लख्ख चमकला, तर वायरिंग ठीक आहे, मोटर गेली. मंद चमकला, तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड किंवा दोन-तीन तारांवर तगलेली वायर आहे. चमकलाच नाही, तर दोनपैकी एक वायर तुटली आहे. कोणती, हे शोधायला बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही वायरींना. वर सांगितल्याप्रमाणे आराम अवस्थेत दोन्ही वायर रिलेतून अर्थला असतात, म्हणून बल्ब दोन्हीकडे सारखा पेटला पाहिजे. जिथे पेटत नाही ती वायर तुटलेली. ही परीक्षा एकट्याने करता येते. रिलेच्या मॉड्यूलवर ती चोख चालते. रिलेऐवजी आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) असलेल्या काही बीसीएमवर आराम अवस्थेत वायर मोकळी सोडलेली असते, तिथे हिच्यावर निकाल देऊ नका.

मोटरला दोष देण्याआधी मात्र दोन गोष्टी. एक, लॅच हाताने हलवून बघा. धूळ आणि वाळलेलं ग्रीस यांनी लॅच जड झाला असेल तर चांगली मोटरही हरते. मोटर आणि लॅच जोडणारा रॉड सोडवल्यावर मोटर टणकन चालते आणि जोडल्यावर अडते, म्हणजे दोष यांत्रिक आहे. गंज सोडवणारा स्प्रे मारला की लॅच चार दिवस छान चालतो आणि मग आणखी जड होतो, कारण स्प्रेने उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. लॅच साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावा. दुसरी गोष्ट: लॉकच्या बऱ्याच मोटरींमध्ये आत तापमानावर चालणारं संरक्षण असतं. तपासताना पंधरा-वीस वेळा लागोपाठ बटण दाबलं की ते तापून करंट तोडतं आणि मोटर मेल्यासारखी वाटते. काही बीसीएमसुद्धा लागोपाठ दाबल्यावर थोडा वेळ ऐकत नाहीत. दहा मिनिटं चहा घ्या, पुन्हा बघा. थंड मोटरचा रोध मल्टीमीटरवर साधारण काही ओहम येतो. पूर्ण उघडं सर्किट दिसलं तरच ती गेली म्हणायचं.

तुटलेली वायर जोडणं

इथे सगळ्यात जास्त खराब काम होतं. तुटल्या जागी दोन टोकं पिळून टेप गुंडाळली की तो जोड सहा महिनेही टिकत नाही, कारण तो नेमका वाकणाऱ्या भागातच राहतो. सोल्डर केलात तर आणखी वाईट: सोल्डर तारांमध्ये शोषला जाऊन वायर तिथे कडक होते आणि सोल्डर संपतो त्या रेषेवर तुटते. वाकणारा भाग पूर्ण बदला. दोन्ही बाजूंनी वायर बेलोच्या बाहेर, म्हणजे पिलरच्या आत आणि दरवाज्याच्या आत, कापा आणि मध्ये १५ ते २० सेंटिमीटर नवी वायर घाला. मोटरसाठी ०.७५ ते १ चौरस मिलीमीटर, सिग्नलसाठी ०.५ पुरे, दोन्ही बारीक अनेक तारांच्या, लवचीक. जोड आता न वाकणाऱ्या भागात आहेत, म्हणून क्रिंप (दाबून बसवायची धातूची नळी) किंवा सोल्डर दोन्ही चालेल, वर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी). सगळे जोड एका रांगेत आणू नका, दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे ठेवा, नाहीतर तिथे गाठ होऊन बेलोत शिरत नाही. एक वायर तुटलेली सापडली तर शेजारच्या चारही ताणून बघा. सगळ्यांचं वय सारखंच असतं. जोडल्यावर दरवाजा पूर्ण उघडून नवी वायर ताणत नाही ना ते बघा आणि मगच बेलो पिलरच्या भोकात नीट बसवा. बेलोचं ओठ आत दुमडलेलं राहिलं तर पाऊस तिथूनच थेट पिलरमध्ये उतरतो.

आपोआप लॉक-अनलॉक

आता दुसरा बिघाड. मॉड्यूल मनाने काही करत नाही, कुठूनतरी आलेल्या हुकुमावर करतं. हुकूम येण्याच्या वाटा मोजक्या: रिमोट, ड्रायव्हरच्या दरवाज्यावरचं बटण, त्या दरवाज्याची किल्लीची जागा, आणि लॅचमधला लॉकची स्थिती सांगणारा स्विच. काही गाड्यांत वेगावर लागणारं ऑटो-लॉक आणि धडक झाल्यावर सगळं उघडणारा एअरबॅगचा संदेशही असतो, पण उभ्या, बंद गाडीत ते दोन्ही सोडून द्या. पावसाळ्यात सुरू झालं, म्हणजे पाणी. आणि वरच्यांपैकी तीन वाटा एकाच दरवाज्यात आहेत.

एकेक वाट बंद करून बघा. रिमोटचा सेल काढून एक रात्र जाऊ द्या. खिशात दाबलं गेलेलं किंवा अडकलेलं बटण असेल तर प्रश्न तिथेच संपतो. नाही संपला, तर ड्रायव्हरच्या दरवाज्याचं पॅड काढा आणि बटणाचा कपलर सोडून ठेवा. तरीही खटखट चालू राहिली तर लॅचचा कपलर सोडा. ज्या क्षणी गप्प झालं, त्या भागावर किंवा त्याच्या कपलरवर बोट ठेवायचं. दोन्ही सोडूनही चालूच राहिलं, तर पाणी बिजागरीपाशी, पिलरमधल्या कपलरात किंवा डॅशबोर्डखाली बीसीएमच्या कपलरात आहे. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकली की तिथलं पाणी केबिनमध्ये उतरतं. पायाखालचा गालिचा दाबून बघा, ओला लागला तर त्या दिशेने शोधा.

मल्टीमीटरवर हे असं दिसतं. मॉड्यूल स्विचच्या वायरवर एका रोधातून ५ किंवा १२ व्होल्ट ठेवतं आणि स्विच ती वायर अर्थला टेकवतो. म्हणजे वायरवर एकतर पूर्ण व्होल्टेज हवं किंवा जवळजवळ शून्य. मधलंच काहीतरी, दोन-तीन व्होल्ट, आणि तेही तरंगतं, असं दिसलं तर कपलरमधल्या ओल्या मातीतून करंट गळतो आहे. मॉड्यूलला तो कधी 'दाबलं' वाटतो, कधी 'सोडलं'. काही कंपन्या लॉक आणि अनलॉक दोन्ही हुकूम एकाच वायरवर वेगवेगळ्या रोधांनी पाठवतात. तिथे मधलं व्होल्टेज दिसणं योग्यच, पण ते स्थिर हवं. अशा गाड्यांत नुसत्या गंजाने लॉकचा हुकूम अनलॉक म्हणून वाचला जातो आणि बटण उलटं चालतंय असं वाटतं.

दरवाजा उघडा असल्याचं सांगणारा स्विचही बघा. लॉक केल्याबरोबर लगेच परत उघडतं, असं असेल तर पुष्कळदा मॉड्यूलला दरवाजा उघडा दिसत असतो. दरवाजा बंद असताना केबिनचा दिवा विझतो का, डॅशबोर्डच्या मीटरवर दरवाज्याचं चिन्ह राहतं का, यावरून ते कळतं. किल्ली इग्निशनला लावलेली आणि ड्रायव्हरचा दरवाजा उघडा असेल तर अनेक गाड्या मुद्दाम लॉक होऊ देत नाहीत. तो बिघाड नाही, सोय आहे.

कपलर हिरवट गंजला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. टर्मिनल खाऊन बारीक झालं असेल तर टर्मिनल बदला, नुसतं घासून ते चार महिन्यांत पुन्हा तिथेच येतं. लॅचच्या आतला स्विच गेला असेल तर बहुतेक गाड्यांत पूर्ण लॅचच घ्यावा लागतो. वायर तपासताना प्लास्टिकला टोचून पीन घालू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत जातं आणि तांबं फूटभर काळं पडतं. पीन कपलरच्या मागून, सीलच्या कडेने घाला.

पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पाणी दरवाज्यात उतरणं स्वाभाविक आहे. दरवाजा तसाच बनवलेला असतो: पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतून खाली जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. लॉक, बटण, वायर यांना त्यापासून वाचवतो तो आतला प्लास्टिकचा पडदा. स्पीकर बदलताना किंवा बाहेरून पॉवर विंडो बसवताना तो फाडून परत टेपने चिकटवलेला असतो आणि टेप पहिल्याच पावसात सुटते. ब्यूटाइल टेपने तो पूर्ण कडेने लावा, खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला खोचून. तळाची भोकं केबल टायच्या टोकाने मोकळी करा. कोकणात, समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे काम मेच्या अखेरीस करून ठेवलेलं बरं. कपलरकडे जाणारी वायर आधी खाली उतरून मग वर चढेल अशी बांधा, म्हणजे थेंब कपलरात न जाता वळणावरून गळतो. खात्री करायला होजपाइप मारू नका. पॅड उघडं ठेवून काचेच्या तळाशी स्प्रे बाटलीने पाणी मारा आणि टॉर्च लावून ओघळ कुठे जातो ते बघा.

बॅटरी

प्रत्येक खोट्या हुकुमाला बीसीएम जागं होतं आणि काही मिनिटं जागंच राहतं. झोपलेल्या गाडीचा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जागी गाडी सहज ४०० घेते. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या दराने चार दिवसांच्या आत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हार मानतो. तुमचे तीन-चार दिवस यात बसतात. मोजायचं असेल तर ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून त्याचा लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला तो लागल्यासारखा वाटेल. निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये १० अँपिअरच्या खाचेत अँमीटर लावा, लॉक करा, अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दोन्ही दुरुस्त्या झाल्यावरही आकडा १०० च्या वर राहिला तर बॅटरी खाणारं तिसरंच काहीतरी आहे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा डॅशकॅम आधी सोडून बघा.

लॉक कंपनीचं नसून बाहेरून बसवलेलं असेल तर

बेस मॉडेलच्या असंख्य गाड्यांत शोरूमने किंवा अ‍ॅक्सेसरीजवाल्याने किट बसवलेलं असतं. डॅशबोर्डखाली काळी डबी आणि दरवाज्यात गन दिसली की समजावं. बहुतेक किटमध्ये ड्रायव्हरच्या गनला पाच वायर असतात: निळी आणि हिरवी मोटरच्या, काळी अर्थ, पांढरी आणि तपकिरी हुकुमाच्या. बाकी तीन दरवाज्यांच्या गनला निळी-हिरवी दोनच. पांढरी किंवा तपकिरी क्षणभर अर्थला टेकवली की सगळे दरवाजे लॉक किंवा अनलॉक झाले पाहिजेत. झाले, तर मॉड्यूल आणि वायरिंग ठीक, गनमधला स्विच गेला. या वायरींना १२ व्होल्ट कधीही दाखवू नका.

इथला नेहमीचा घोळ म्हणजे ड्रायव्हरची पाच वायरची गन बिघडली की स्वस्तात दोन वायरची लावून देतात. रिमोट चालतो, गिऱ्हाईक खूश. किल्लीने फक्त तोच दरवाजा उघडतो हे रिमोटचा सेल संपल्यावर कळतं. दुसरा घोळ रॉडच्या मापाचा. गनचा दांडा साधारण २० मिलीमीटर सरकतो. लॅच मधोमध ठेवून आणि दांडाही मधोमध ठेवून रॉडचा स्क्रू आवळायचा असतो. तसं न करता आवळला तर एका टोकाला गन अर्ध्यावर अडते, आतला स्विच धड इकडे ना तिकडे राहतो आणि लॉक-अनलॉकची फडफड सुरू होते. तुमचंही किट असेल तर पाण्याआधी हेच तपासा, पाना-स्क्रू ड्रायव्हरचं दहा मिनिटांचं काम आहे.

फ्यूज लावल्याबरोबर उडत असेल (तुमच्याकडे नाही, पण हा प्रश्न याच्या पाठोपाठ येतोच) तर फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब लावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो, फ्यूज वाया जात नाहीत. मग दरवाज्यांचे कपलर एकेक करून सोडा. ज्याने बल्ब मंदावला त्या दरवाज्यात वायर चिरडली आहे. बहुधा पॅडच्या स्क्रूखाली, नाहीतर बिजागरीत, आणि उंदरांचा वावर असेल तर डॅशबोर्डखाली. शॉर्ट फक्त लॉक करतानाच होत असेल तर बल्ब लावून बटण दाबा, तेव्हाच उजळेल.

बीसीएम खरंच गेलंय हे कधी मानायचं

चार गोष्टी एकत्र सिद्ध झाल्या तर. त्याच्या कपलरवर बोजा टाकूनही १२ व्होल्ट टिकतात आणि बीसीएमचा अर्थ व बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला फरक लॉक चालताना ०.२ व्होल्टच्या वर जात नाही. स्कॅनरवर (गाडीच्या मॉड्यूलशी बोलणारं तपासणी यंत्र) बटणाचे आणि दरवाज्यांचे संदेश बरोबर येतात. स्कॅनरवरून थेट हुकूम देऊनही लॉकच्या मोटरी हलत नाहीत. आणि त्या क्षणी बीसीएमच्या पिनेवरच व्होल्टेज येत नाही. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा) सहसा इंजिनचेच कोड वाचतो. बॉडीचे 'बी'ने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. असा स्कॅनर हाताशी असेल तर त्याच्या लाइव्ह डेटामध्ये दरवाज्याच्या स्थितीचं पान उघडं ठेवून बिजागरीची वायर हलवा; स्क्रीनवर उघडा-बंद नाचू लागलं की तुटलेली वायर सापडली. जुना बीसीएम आणून बसवणं तेवढं सोपं नाही. अनेक गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) त्याच्यातच असतो, कोडिंग केल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. गॅरेजमध्ये या चारपैकी कोणत्या गोष्टी तपासल्या, एवढंच विचारा.

सगळं जुळवल्यावर पॅड लावण्याआधी शेवटची तपासणी: लॉक करून लॉकचा फ्यूज काढा आणि आत बसून चारही दरवाजे हाताने उघडा. मागचे दरवाजे तपासताना कडेचं चाइल्ड लॉक अनलॉक स्थितीत ठेवा, नाहीतर आतून न उघडण्याचा दोष उगाच मोटरवर जाईल. सेंट्रल लॉक बंद पडलं तरी दरवाजा हाताने उघडता यावा, ही सोय १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे; तुमची गाडी त्याआधीची असली तरी ही तपासणी टाळू नका. नवी गन किंवा लॅच बसवताना रॉड कुठे अडला असेल तर तो इथेच कळतो.